चारोळी कधी उतरवायची?

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत बेलबाग नावाचा भाग आहे. आज तिथे घराला घर लागलेले आहे, झाड उरले आहे ते नावात. बेल हे कोरड्या, पानझडी जंगलात वाढणारे झाड. श्रावणी सोमवारी त्रिदळ वाहताना आपल्या बोटांत त्या जंगलाचेच एक पान असते. पेठेतल्या एखाद्या जुन्या किराणा किंवा काष्ठौषधीच्या दुकानात दोन मिनिटे थांबून बरण्या पाहाव्यात. बाळंतिणीच्या लाडवांचा डिंक धावड्याचा. शेजारी बिब्बा, बेहडा, सुकवलेला आवळा. कोपऱ्यात विडीचे बंडल, म्हणजे तेंदूचे पान. आणि लहानशा पुडीत, वजनाला महाग, बासुंदीवर पेरायची चारोळी. हे बहुतेक सगळे कुणीतरी रानात पायी जाऊन वेचून आणलेले असते.

यातली चारोळी मी हातात घेतो, कारण जंगल कसे जाते आणि कसे राहते हे त्या इवल्याशा दाण्यात फार स्वच्छ दिसते.

चारोळीच्या झाडाला विदर्भात ‘चार’ म्हणतात. थंडी सरताना त्याला मोहर येतो आणि एप्रिल-मेमध्ये फळ पिकून काळपट जांभळे होते. गर गोड असतो, पोरे झाडाखालीच खातात. आतली टणक बी भिजवायची, चोळून साल काढायची, वाळवायची आणि जात्यावर हलक्या हाताने भरडायची. कवच फुटते आणि दाणा मोकळा होतो. फळ पुरते पिकलेले असेल तर दाणा भरलेला निघतो. कच्चे तोडले तर तो चिमलेला, हलका, आणि व्यापारी भाव पाडून मागतो. जंगलाकाठी राहणाऱ्या प्रत्येकाला हे पाठ असते. तरीही मध्य भारतातल्या कितीतरी रानांत चार कच्चाच उतरवला जातो, फांद्या तोडून, कधी झाडच आडवे करून.

हे अज्ञानातून होते असे समजणे म्हणजे त्या माणसांवर अन्याय आहे. समजा, मी ठरवले की अजून पंधरा दिवस थांबायचे. झाड माझ्या मालकीचे नाही, जंगल सरकारी आहे. मी थांबलो तर उद्या पहाटे दुसरा कुणीतरी ते झाड झोडपून नेईल. त्यालाही हीच भीती माझ्याविषयी आहे. म्हणून दोघेही आजच जातो आणि दोघांनाही अर्धाच दाणा मिळतो. पुढच्या वर्षी आणखी आठ दिवस आधी जातो. यात कुणी दुष्ट नाही आणि कुणी मूर्खही नाही. ‘अमुक तारखेच्या आधी कुणी हात लावायचा नाही’ असे सर्वांच्या वतीने म्हणू शकेल आणि सर्व जण ऐकतील, असे तिथे कुणी नाही, एवढेच.

१९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने अशाच कोंडीवर एक निबंध लिहिला. सामाईक कुरणात प्रत्येक जण आपले एक जनावर वाढवत जातो आणि शेवटी कुरणच संपते, असे त्याने मांडले. त्यावरून जगभर एक समजूत रुजली की सामाईक गोष्ट वाचवायची तर ती एक तर खासगी करा, नाही तर सरकारकडे द्या. आपल्याकडे दुसरा उपाय आधीच होऊन गेला होता. इंग्रजांनी जंगले ताब्यात घेतली, १९२७ चा वन कायदा केला आणि स्वातंत्र्यानंतरही तोच चालू राहिला. पण शेकडो हेक्टरांवर एक वनरक्षक, आणि ज्यांचा दिवस त्या रानात उगवतो-मावळतो ते सगळे कागदोपत्री परके! मालक लांब राहिला आणि जवळच्यांना हक्क उरला नाही, तेव्हा चारोळीची ती पहाटेची धाव अधिकच वाढली.

यावर उपाय शोधण्याआधी हे कोरडे जंगल नीट समजून घेतले पाहिजे. आपण कोल्हापूरकर जंगल म्हटले की दाजीपूर, आंबा घाट असे ओलेगर्द रान डोळ्यांपुढे आणतो. पानझडी रान वेगळे. तिथे पाऊस चार महिन्यांत येऊन जातो आणि पुढचे सात-आठ महिने झाडाला साठवणीवर काढावे लागतात. साग, ऐन, धावडा, तेंदू, पळस, मोह, बिजा, सालई यांनी त्यावर एकच तोड काढली आहे: पाने टाकून द्यायची. मार्चमध्ये तिथे गेलात तर जंगल मेले की काय असे वाटेल. फक्त पळस पेटलेला असतो, आणि पहाटे मोहाची फुले टपटपत असतात.

पण या रानाचा खरा जीव जमिनीखाली असतो. सागाचे, ऐनाचे, तेंदूचे झाड तोडले तरी खुंट पुन्हा फुटतो. बिजासारख्या झाडाचे रोप पावसाळ्यात वीतभर वर येते, उन्हाळ्यात वाळून जाते, पुढच्या पावसात पुन्हा येते. अशी कित्येक वर्षे जातात. वरून पाहणाऱ्याला दरवर्षी तेच खुरटे रोप दिसते, पण खाली मूळ जाड होत असते. मग एखाद्या वर्षी ते रोप गुरांच्या तोंडातून आणि वणव्यातून निसटते आणि सरळ वर जाते. म्हणून अशा उजाड दिसणाऱ्या रानाला पुष्कळदा रोपवाटिकेची गरज नसते. काही वर्षे आग, कुऱ्हाड आणि बेसुमार चराई दूर ठेवली तर रान स्वतःच उभे राहते. खड्डे खणून झाडे लावण्याचा कार्यक्रम फोटोत चांगला दिसतो. काही वर्षे रोज लक्ष ठेवणे फोटोत दिसत नाही, आणि पानझडी जंगलाला हवे असते नेमके तेच. रोज लक्ष कोण ठेवू शकेल? जो रोज तिथेच असतो तो.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात, मेंढा हे गोंड आदिवासींचे छोटे गाव आहे. लेखा ग्रामपंचायतीत येते म्हणून त्याला मेंढा-लेखा म्हणतात. शंभरएक घरे. जमीनदारीच्या काळात गावाला जंगलातून लाकूडफाटा, बांबू, फळे-फुले घेण्याचे निस्तार हक्क होते. पुढे जंगल सरकारी झाले आणि ते हक्क आक्रसत गेले. बांबू कागद गिरणीला जाई आणि गावकऱ्याने कुडाच्या घरासाठी चार काठ्या आणल्या तर तो गुन्हा ठरे. १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपटनम या धरणांविरुद्ध त्या भागात मोठे आंदोलन झाले. त्यातून मेंढ्याचे देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल एकत्र आले. धरणे थांबली, पण या गावाने पुढचा प्रश्न विचारला: बाहेरच्यांपासून जंगल वाचवले, आता आपण ते कसे सांभाळणार? ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा त्या प्रश्नातून आली. तिचा पहिला अर्धा भागही त्यांनी मनापासून म्हटलेला आहे.

त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, आणि मला सगळ्यात शिकण्यासारखे हेच वाटते. एक अभ्यास गट, दुसरी ग्रामसभा. अभ्यास गटात नुसती चर्चा. ज्याला रस असेल त्याने बसावे, बाहेरचा जाणकार आला तर त्यालाही विचारावे, पण तिथे निर्णय घ्यायचा नाही. मधाचे उदाहरण घ्या. आग्या मोहोळ धुराने, जाळाने उतरवायचे ही जुनी रीत. त्यात माश्या मरतात आणि पुढच्या वर्षी मोहोळ कमी होते. यावर अभ्यास गट बसला आणि माश्या न मारता, मोहोळाचा फक्त मधाचा भाग कापून घेण्याची पद्धत गावाने शिकून घेतली.

निर्णय ग्रामसभेत, आणि तोही बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर. पुढच्या सभेतही पटले नाही तर त्याच्या पुढच्या. हे फार संथ वाटते, आणि ते आहेच. पण जंगलाच्या हिशेबाने पाहा. शंभर घरांपैकी साठ घरांनी चराईबंदी मंजूर केली आणि चाळीस घरांची गुरे त्यात गेली, तर बंदी पहिल्याच दिवशी संपली. रात्री रानात कोण गेले हे पाहायला तिथे पोलीस नसतो. तिथे नियम टिकतो तो ज्याच्यावर लागू आहे त्याने स्वतः होकार दिलेला असतो म्हणून. सभेत घालवलेले सहा महिने पुढे गस्तीत वाचतात.

इथे मला आपल्या तालमी आठवतात. महापालिकेच्या सभेत काय ठरले हे पेठेतल्या माणसाला पेपरात वाचावे लागते. तालमीत ठरलेले मात्र गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते, वर्गणी कुणी दिली आणि कुणी बुडवली यासकट. मेंढ्याची ग्रामसभा ही लेखा ग्रामपंचायतीची सभा नव्हे. ती त्या एका गावाची आहे, जिथे प्रत्येक जण दुसऱ्याला तीन पिढ्यांपासून ओळखतो. जंगल सांभाळायला माणसांचा तेवढाच आकार लागतो.

पण नुसत्या एकोप्याने भागत नाही. गावाने नियम केला आणि कायदा म्हणाला की हे जंगल तुमचे नाहीच, तर बाहेरच्या ठेकेदाराला अडवणार कोणत्या अधिकाराने? ही उणीव २००६ च्या वनहक्क कायद्याने भरून काढली. शेतजमिनीच्या वैयक्तिक पट्ट्यांची चर्चा खूप झाली, पण या कायद्यातले मोलाचे कलम दुसरे आहे. ज्या जंगलाचे गावाने परंपरेने रक्षण किंवा वापर केला, त्याचे संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला आहे, आणि त्यातल्या गौण वनोपजाची मालकीही तिचीच आहे. गौण म्हणजे इमारती लाकूड सोडून बाकीचे: चारोळी, डिंक, मोह, तेंदू, मध आणि बांबू.

प्रक्रिया अशी चालते. ग्रामसभा आपल्यातून दहा ते पंधरा जणांची वनहक्क समिती निवडते. समिती गावातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन सीमा फिरते: हा नाला, तो देवाचा दगड, पलीकडचे जुने मोहाचे झाड. शेजारच्या गावालाही बोलावतात, कारण सीमेवरचा तंटा आधीच मिटलेला बरा. नकाशा होतो. निस्तार पत्रक, जुन्या नोंदी, म्हाताऱ्यांचे जबाब, स्मशान, देवस्थान असे किमान दोन प्रकारचे पुरावे जोडतात. ग्रामसभा ठराव करते, दावा उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय समितीकडे जातो. मेंढ्याला २००९ मध्ये १,८०९ हेक्टर जंगलावर हा हक्क मिळाला. देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. अठरा चौरस किलोमीटर म्हणजे कोल्हापूर शहराच्या पाव भागाहून थोडे जास्तच, आणि सांभाळणारी घरे शंभरएक.

योगायोग असा की त्याच वर्षी एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ बाईंना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. जगभरची सामाईक जंगले, कालवे, मासेमारीचे पाणवठे वर्षानुवर्षे अभ्यासून त्यांनी दाखवले होते की हार्डिनचे दोनच पर्याय खरे नाहीत. सीमा स्पष्ट असेल, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतील, लक्षही त्यांचेच असेल, चुकणाऱ्याला आधी सौम्य आणि मग वाढता दंड असेल आणि त्यांच्या या अधिकाराला वरचे सरकार मान देत असेल, तर लोक सामाईक गोष्ट पिढ्यानपिढ्या टिकवतात.

हक्काचा कागद आला तरी मेंढ्याचा बांबू गावाबाहेर जाईना. अडचण शब्दाची होती. वनहक्क कायदा बांबूला गौण वनोपज म्हणत होता, तर १९२७ चा वन कायदा त्याला झाड म्हणत होता. वनस्पतिशास्त्रानुसार तो गवत आहे, पण वाहतूक परवाना वन विभागाच्या हातात होता. २१ मार्च २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपजच मानावा असे कळवले. २७ एप्रिलला ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेकडे दिले. आपल्या मालावर आपलाच शिक्का मारण्याचा अधिकार त्या दिवशी गावाला मिळाला. वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून बांबू निघायला २०१७ उजाडले.

बांबू तोडण्याची रीत समजली की ग्रामसभेचे काम हाताला लागल्यासारखे कळते. आपल्याकडे मंडपाला चंदगड-आजऱ्याकडचा, कोकणातला माणगा येतो. तिकडचा मानवेल, बारीक पोकळीचा आणि चिवट. त्याचे बेट असते. पावसाळ्यात बेटातून नवे कोंब, म्हणजे वास्ते, फुटतात आणि काही महिन्यांत पूर्ण उंची गाठतात. पण उंची आली म्हणजे काठी पक्की झाली असे नाही. त्याला तीनेक वर्षे लागतात. पहिल्या-दुसऱ्या वर्षाची काठी तोडली तर ती माल म्हणूनही कच्ची, आणि पुढच्या वास्त्यांना अन्न पुरवणारी तीच असते. म्हणून नियम असे: पावसाळ्यात तोड नाही. कोवळ्या काठीला हात नाही. जमिनीपासून वीतभर वर, पेराच्या लगेच वर कापायचे, म्हणजे खुंटात पाणी साचून बेट कुजत नाही. प्रत्येक बेटात आठ-दहा पक्क्या काठ्या आधाराला ठेवायच्या. जंगलाचे भाग पाडून दरवर्षी एकाच भागात तोड करायची.

आता हे नियम दोन जणांच्या हातात देऊन पाहा. ठेकेदाराकडे एका हंगामाचा करार आहे आणि मजुराला नगावर पैसे मिळतात. त्याला बेटाच्या बाहेरच्या कडेची, हाताला सोपी, कोवळी काठी तोडणेच परवडते. मधली जून काठी काढायला वेळ जातो आणि अंगाला ओरखडे येतात. तीन वर्षांनी त्या बेटाचे काय होईल हे पाहायला तो तिथे नसेल. गावातला तोडणारा असेल. मजुरी त्याला मिळतेच, विक्रीचे पैसेही त्याच्याच ग्रामसभेच्या खात्यात जातात, आणि त्या पैशाचे काय करायचे हे ठरवायला तो बसलेला असतो. तोच माणूस, तीच कुऱ्हाड, पण आता मधली काठी काढायला तो वेळ देतो.

आगीचेही असेच. पानझडी जंगलात विजेने लागणारी आग क्वचित. बहुतेक वणवे माणसाचे. मोहाखाली फुले स्वच्छ दिसावीत म्हणून पालापाचोळा पेटवतात. तेंदूला कोवळे, मऊ पान यावे म्हणून रान जाळतात. जोतिबा-पन्हाळ्याच्या डोंगरांवर दर उन्हाळ्यात दिसणारी काळी पट्टी आपल्या ओळखीची आहे, तिकडे ती मैलोन्‌मैल पसरते. ग्रामसभेने ठरवले तर मोहाखालचा पाला झाडून बाजूला घेतात. जास्त कष्टाचे काम आहे, पण सगळ्यांनीच करायचे ठरले की ते एकट्याच्या माथी येत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव यापुढे एक पाऊल गेले. २०१२ मध्ये त्यांना हजारएक हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला. बांबूतून उत्पन्न सुरू झाले. तेंदूच्या पानातूनही रोख पैसा येतो, मे महिन्यात, जेव्हा खरिपाच्या बियाण्यासाठी पैसा सगळ्यात जास्त लागतो. तरीही पाचगावने तेंदू तोडणे बंद केले. पानासाठी झाडे छाटली जातात, आगी लागतात, फळ धरत नाही, आणि तेंदूची फळे माणसांना, पाखरांना, अस्वलांना हवी असतात. शिवाय विडीने माणूस मरतो, तो धंदा आपण का करावा, असाही त्यांचा विचार होता. काही हेक्टर जंगल त्यांनी देवराईसारखे पूर्ण राखीव ठेवले. हा ‘नाही’ म्हणण्याचा निर्णय फक्त मालकच घेऊ शकतो. हक्क नसलेल्या माणसाने संयम ठेवला तर त्याचा फायदा दुसऱ्याला होतो, हे आपण चारोळीत पाहिलेच.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने वनहक्क कायद्याच्या कितीतरी आधी, १९९० च्या दशकात, सुमारे ४४५ हेक्टर उजाड रान राखून पुन्हा उभे केले. कुऱ्हाडबंदी, दंड, राखणीची पाळी. विहिरींना पाणी आले. त्या कामामागचे चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आपल्या शेजारी, सांगली जिल्ह्यात, धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून सागरेश्वरच्या उघड्या डोंगरावर असेच पानझडी रान उभे राहिले आणि १९८५ मध्ये त्याचे अभयारण्य झाले. सागरेश्वर कुंपणाच्या आत वाढले, मेंढा कुंपणाशिवाय. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत, पण कुंपणाला पैसा आणि पहारा कायमचा लागतो.

अडचणी खऱ्या आहेत. गडचिरोलीत आज हजाराहून जास्त ग्रामसभांकडे सामूहिक हक्क आहेत, पण मेंढ्याइतकी बैठक सगळीकडे नाही. हक्काचा कागद कपाटात आणि व्यवहार पुन्हा ठेकेदाराकडे, असेही घडते. तेंदूच्या लिलावानंतर काही ठेकेदारांनी ग्रामसभांचे पैसे थकवले. हिशेब लिहिणारे, बँकेत आणि कलेक्टर कचेरीत बोलू शकणारे तरुण गावात राहायला हवेत, आणि तेच शहराकडे निघतात. मालाची प्रतवारी, गोदाम, निविदा ही कामे रान ओळखण्यापेक्षा निराळी आहेत. ती शिकवायला सरकारने आणि आपण शहरातल्या शिकलेल्यांनी जेवढे करायला हवे होते, तेवढे केलेले नाही.

आणि वनहक्क कायदा फक्त आदिवासींचा नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधी किमान तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, जंगलावर विसंबून राहणारा कुणीही त्यात बसतो. आपल्या जिल्ह्यातल्या डोंगरकपारीचे धनगरवाडेही. त्यांचे रान ओले, हिरड्याचे, चारोळीचे नाही. सीमा फिरून नकाशा करण्याची रीत मात्र तीच.

मे महिन्यात पाचगावच्या शिवारात तेंदूची फळे पिकतात, हाताने फोडली की पिवळा गर. भोवतालच्या गावांत पानांचे पुडे बांधण्याची घाई चाललेली असते, फडीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या जागी, पाने वाळत असतात. इथली पाने झाडावरच असतात, थोडी जाड झालेली, आणि खाली पाचोळ्यात अस्वलाने टाकलेल्या बिया.